मापाचा मास्क

भागीरथाबाईचा चेहरा लहान, मूठभर. जीभ मात्र केवढी आहे ते आमच्या गावात कुणालाही विचारा.

माजरीकडे मालगाड्यांत कोळसा भरतात त्या एका सायडिंगवर ती ठेकेदाराकडे कामाला जाते. कोळशातले दगड निवडायचे आणि दिवसभर काळी धूळ खायची. ठेकेदाराने मुकादमाकरवी बायांना मास्क दिले, पण सगळे एकाच मापाचे, कुणा पहिलवानाच्या थोबाडावर बेतल्यासारखे. भागीरथाबाईच्या गालाशी बोट जाईल एवढी फट राहायची. ती बुजवायला पट्टे करकचून आवळले, की नाकाचं हाड सोलून निघायचं. जखमेला खोबरेल लावावं तर त्यावर धूळ बसायची आणि आग आग व्हायची. खोकला तर छातीत मुक्कामालाच आला होता.

दामिनी तिच्याच गल्लीतली. भागीरथाबाईनेच तिला हाताला धरून कामावर लावलं. धाकट्या बहिणीसारखं वागवलं. दामिनीच्याही नाकावर तशीच जखम होती.

मग मास्क तपासायला साहेब येणार असं कळलं. मास्क लावून डोक्यावर प्लास्टिकचं टोपरं घालायचं आणि आत कडू पाणी फवारायचं. मास्क नीट बसला असेल तर काही कळत नाही. कडू लागलं, तर फटीतून हवा शिरते आहे. सगळ्या बायांनी खरं तेच सांगायचं, म्हणजे लहान माप मागवावंच लागेल, असं ठरलं. तळहातावर मीठ घेऊन आणभाका झाल्या.

वयाने मोठी म्हणून भागीरथाबाई पहिली बसली.

"कडू लागून राह्यलं, साहेब. कडूजहर."

दुसरी दामिनी. फवारा उडाला तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने आवंढा गिळला. समोर उभ्या बायांना प्लास्टिकमधून सगळं दिसत होतं.

"मले काईच नाई लागत," ती म्हणाली.

"मग यांनाच का लागलं?"

"बाईचा चेहराच तसा आहे, साहेब."

वारा कुठून वाहतो ते बाकीच्यांनी ओळखलं. एकेक जण बसली, "नाई लागत" म्हणत उठली. मास्क चांगले ठरले आणि खोट निघाली ती भागीरथाबाईच्या चेहऱ्यात. मला आजही त्या सगळ्यांचा संताप येतो. तिला तर बोलायला शब्दच सुचेना, आणि हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

पुढच्या आठवड्यात दामिनी नवा मास्क लावून आली. लहान मापाचा, गालांना घट्ट बसलेला. नाकावरची जखमही सुकत आली होती. भागीरथाबाई बघतच राहिली.

"कुठी भेटला वं?"

"मुकादमानं देला." दामिनीने मान वर केली नाही. "नमुन्याचा एकच आला होता. गुमान राह्यशील तर तुले देतो म्हणे. रागावू नोको, बाई. आळीपाळीनं लावू आपण. आज तू लाव."

भागीरथाबाईने तो घेतला आणि लावला. पट्टा आवळावाच लागला नाही. नाकाला कुठे टोचलं नाही, श्वासात धूळ आली नाही, आणि तिचे डोळे भरून आले.

"बसला ना, बाई?" दामिनीने हुरूपाने विचारलं.

"बसला." भागीरथाबाईने मास्क काढून तिच्या हातात ठेवला. "साऱ्याजणींले भेटला असता, दामिने."

मग तिने आपला जुना मास्क चढवला आणि पट्टे आवळले.