सासूबाईंनी गाळलेले डाग

सूर्यावर डाग असतात हे मला लग्नानंतर कळलं. ते मोजायच्या नादात डोक्याला जो ताप झाला, तो आज ऐंशीच्या घरात आले तरी आठवला की चिडचिड होते. सुनेला सांगितलं तर ती म्हणते, "आई, एवढं काय त्यात?" तिला म्हटलं, बस इथे, सगळं ऐक, मग सांग.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. आम्ही कोपरगावजवळ साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. मी, मिस्टर, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली मुलगी आणि सासूबाई. मिस्टर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासायचे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचायचं भारी वेड. वाचनालयातली ग्रहताऱ्यांची दोन-तीन पुस्तकं मी इतक्या वेळा नेली की ग्रंथपालांनी एकदा विचारलं, "वहिनी, पाठ करताय का?"

त्याच वाचनालयात एका संस्थेतले साहेब व्याख्यानाला आले. वयाने तरुण, बोलायला साधे. ते म्हणाले, आमच्याकडे एक मोठा कॉम्प्युटर आहे, खोलीभर. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून आम्ही त्याला आकडे भरवतो. त्यात आम्ही एक सूर्य तयार केलाय, आकड्यांचा. खरा सूर्य इथून पाहिलं तर सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. त्याच्या एका अंगाला डाग जास्त असतील, तर दर सत्तावीस दिवसांनी डागांची मोजदाद वाढायला हवी आणि मग उतरायला हवी. कॉम्प्युटरमधला सूर्य तसं करतो. खरा करतो का, हे बघायला आम्हाला गावोगावची माणसं हवीत, रोज न चुकता डाग मोजणारी. दुर्बीण आम्ही देऊ.

मी मागच्या बाकावर बसले होते. घरी येताना मिस्टरांना म्हटलं, हे मी करणार. फॉर्म त्यांनी भरला, त्यांच्या नावाने. माझं नाव घालावं असं त्यांच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

पितळेची छोटी दुर्बीण आली, तीन पायांची. तिच्यातून सूर्याकडे बघायचं नसतं हं, डोळा जातो. मागे एक पांढरा कागद धरायचा, त्यावर सूर्य उतरतो, ताटलीएवढा. छापील कागदांवर वर्तुळ असायचं, त्यात दिसतील तिथे ठिपके द्यायचे. अगदी बारीकसुद्धा. हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी उडत असायची, तिचे कण कागदावर बसायचे. मी फुंकर मारून बघायची. हलला तर कारखान्याचा, राहिला तर सूर्याचा.

आता सासूबाई. मला वाटलं होतं त्याहून लवकर त्यांना पटलं. म्हणाल्या, "सूर्यनारायनाचं रोज दर्शन घेनार म्हंतीस, त्याला मी कशाला न्हाई म्हनू?" त्यांनी दुर्बिणीला हळदकुंकू लावलं आणि ती देवघराच्या कोनाड्यात ठेवली. तिथेच अडलं. देवघरातली वस्तू म्हटल्यावर महिन्याच्या त्या चार दिवसांत मी तिला शिवायचं नाही. मी मागच्या पडवीत घोंगडीवर, आणि दुर्बीण लावायची ती पुढच्या अंगणात.

मी म्हटलं, "सासूबाई, रोज मोजायचं असं ठरलंय. खाडा झाला तर साहेब काय म्हणतील?"

"खाडा कशाला? मी हाय की. ठिपकंच द्यायचं ना? रांगोळीचं किती दिलं असतील मी."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हात स्थिर होता आणि नेमाने करायच्या. मी त्यांना दोन दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी न्हाऊन आले की त्यांच्या चार कागदांवरचे ठिपके मोजायचे आणि माझ्या आकड्यांमागे लिहून टाकायचे. कुणी मोजलं ते मी कधी लिहिलं नाही. ठिपका तो ठिपका, असं मला वाटायचं. ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही.

असं दोन वर्षं चाललं. बहात्तरला तर पाऊसकाळात ढगच आले नाहीत. गावातल्या बाया आभाळाकडे बघून रडकुंडीला आलेल्या आणि मी त्याच आभाळाखाली वही घेऊन उभी, खाडा नाही म्हणून समाधानात. त्या समाधानाची लाज वाटायची, तरी मोजत राहिले.

मग साहेबांचं पत्र आलं, अर्थात मिस्टरांच्या नावाने. लिहिलं होतं की बाकीच्यांच्या नोंदी विस्कळीत आहेत, पण आपल्या आकड्यांत चढउताराची लय अगदी स्वच्छ दिसते. कॉम्प्युटरमधल्या सूर्याशी सर्वांत जास्त आपलीच मोजदाद जुळते. निबंध लिहायला घेतोय, त्यात आपलं नाव येईल. सोबत घड्यांचा लांबलचक कागद होता, कॉम्प्युटरने छापलेला. त्यावर दिवसाला एक अशा फुल्यांची रेघ, वर जाणारी, खाली येणारी, आणि कडेला तारखा.

मिस्टरांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. "छापून येणार" म्हणून अख्ख्या वसाहतीला सांगून झालं. एक शेजारीण मला म्हणाली, "भावजींनी भारीच नाव काढलं हो!" मी चहा टाकला.

तो कागद मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. रोज पोळ्या लाटताना समोर तीच रेघ. एके दिवशी लक्षात आलं की रेघ हळूहळू उतरत नाही. धपकन खाली पडते, चार फुल्या खालीच राहते आणि पुन्हा उडी मारून वर येते. सूर्य काय जिना उतरतो का असा? शेजारीच कॅलेंडर होतं. दुधाच्या खाड्यांची गोल खूण आणि माझ्या दिवसांची काजळाने केलेली बारीक फुली. लाटणं हातात तसंच होतं. रेघेतल्या शेवटच्या महिन्याची कॅलेंडरवरची फुली बघितली, त्या तारखेला रेघ खाली. त्याच्या आधीच्या महिन्याची, खाली. फळीवर अंथरलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर डबे बाजूला करून ओढून काढलं. तेच. दर अठ्ठावीस दिवसांनी, घड्याळ लावल्यासारखं.

साहेबांच्या कॉम्प्युटरला सूर्याची फेरी म्हणून जी सापडली होती, ती माझी पाळी होती.

पोळी तव्यावर जळली. मी तशीच अंगणात गेले. सासूबाई तूर पाखडत होत्या.

"सासूबाई, तुम्ही ठिपके देताना बारीक डाग दिसायचे ना तुम्हाला?"

"दिसायचं की."

"मग दिले का नाहीत?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "सगळं द्यायचं व्हय? मोठं मोठं दिलं मी. बारीकसारीक कशाला? देवाचं तोंड हाय ते. कुनाच्या तोंडावरचा तीळ न् तीळ मोजून कुनी पत्रात धाडतं का?"

आता ह्यावर हसावं की डोकं आपटावं? दोन वर्षं ह्या बाईने दर महिन्याला चार दिवस देवाची अब्रू राखली होती, आणि मी ती मोजून संस्थेला पाठवत होते.

मिस्टरांना सांगितलं तर ते आधी खो खो हसले, आणि मग हसता हसता थांबले. त्यांना पेढे आठवले असणार.

"राहू दे की आता," म्हणाले. "त्यांचा सूर्य जुळला ना? तुला काय टोचतंय?"

"खोटं जुळलंय."

"मग लिही, मध्ये मध्ये आजारी होतो म्हणून."

"दर अठ्ठावीस दिवसांनी चार दिवस आजारी? अहो, तो गणित करणारा माणूस आहे. आणि आजारी कोण, तुम्ही?"

"मग काय लिहिणार? तसलं लिहिणार परक्या माणसाला? माझ्या नावाने?"

तिथे मीही अडले. त्या काळात 'पाळी' हा शब्द आम्ही घरात उच्चारत नव्हतो, कावळा शिवला म्हणायचो. आणि आता तो पत्रात लिहून, टपालात टाकून, एका शिकलेल्या पुरुषाला कळवायचा. आठ दिवस मी नुसती कागद फाडत होते. एका मसुद्यात 'अडचण' लिहिलं. त्यांनी विचारलं असतं, कसली अडचण? दुसऱ्यात 'बाहेर' लिहिलं. त्यांना वाटलं असतं, परगावी गेली. मनात यायचं, सोडून द्यावं, कुणाला कळणार आहे? पण भिंतीवरची रेघ बघवेना. तिथे सूर्य नव्हताच, मी होते घोंगडीवर बसलेली.

शेवटी लिहिलं: आपल्याकडे येणाऱ्या नोंदी माझ्या आहेत, मिस्टरांच्या नव्हेत. मी स्त्री आहे. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे मासिक पाळीचे चार दिवस मी यंत्राला हात लावत नाही. त्या दिवशीचे ठिपके सासूबाईंचे आहेत, आणि त्यांनी लहान डाग गाळले आहेत. तेवढे दिवस कृपया काढून टाकावेत. सोबत दोन्ही कॅलेंडरं बघून अशा प्रत्येक दिवसाची यादी केली. तीन पानं झाली. खाली माझी सही. पत्र पेटीत टाकल्यावर ते परत काढता येईल का म्हणून पेटीत बोटं घालून बघितली, हेही सांगते.

उत्तराला दोन महिने लागले. टाईप केलेलं, इंग्रजीत, आणि नाव पुन्हा मिस्टरांचंच. त्यांनी वाचून सांगितलं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत. दोन निरीक्षकांच्या मिश्र नोंदी वापरता येत नसल्यामुळे दोन्ही वर्षांची मोजदाद वगळली आहे. तसंच, निबंध तूर्त थांबवला आहे.

"दोन्ही वर्षं?" मी म्हटलं. "आणि माझी यादी?"

"यादीचं काही लिहिलं नाही."

"अहो, महिन्यातले चार दिवस चुकलेत. उरलेल्या सव्वीस दिवसांनी काय घोडं मारलंय त्यांचं?"

मिस्टर पत्राची घडी घालत राहिले. वर म्हणाले, "तरी मी सांगत होतो." त्या दिवशी ते ताटावर बसल्यावर मी त्यांना दुसरी भाजी वाढली नाही. माझा राग म्हणजे एवढाच, दुसरं काय करणार?

संस्थेने दुर्बीण मात्र परत मागितली नाही. पुढचे छापील कागदही नेहमीसारखे आले. कोण पाठवत होतं कुणास ठाऊक. मी ते महिनाभर तसेच गुंडाळून ठेवले. मोजायला उठावंसंच वाटेना.

आणि मग माझे दिवस आले. मी पडवीत बसलेली. बघते तर सासूबाई दुर्बीण घेऊन पुढच्या अंगणातून मागच्या अंगणात आल्या, माझ्यापासून चार हातांवर तिचे तीन पाय रोवले आणि पाटावर कागद टेकवला. सूर्य बरोबर कागदावर उतरला.

"शिवू नगंस," म्हणाल्या. "तिथूनच बघ. कागदावरच पडतंय ना ते? बघायला शिवावं कुठं लागतं? तू सांग, मी देते."

दोन वर्षं! दोन वर्षांत हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरचा सूर्य भिजून दिसेना. पदराने डोळे पुसले.

"डावीकडे, कडेला एक आहे," मी म्हटलं. "त्याच्या खाली दोन बारीक."

"दोन?"

"दोन."

"एकच देऊ का?"

"सासूबाई!"

त्यांनी पेन्सिल टेकवली. दर ठिपक्याला डावा हात कानाच्या पाळीला लावून पुटपुटत होत्या, माफ कर रं नारायना, ही सांगती म्हनून देते. मी घोंगडीवरून मान लांब करून मोजत होते. मग एक आणखी दिसला, अगदी टाचणीच्या टोकाएवढा. "फुंकर मारा," म्हटलं. त्यांनी मारली. हलला नाही.

"हाय," त्या म्हणाल्या, आणि न सांगता तोही दिला.

त्या कागदाच्या कोपऱ्यात, पाचव्या दिवशी, मी दोघींची नावं लिहिली आणि पाठवून दिला. त्याचं उत्तर आलं नाही.