केशरबाईच्या नाकातलं मांस

केशरबाईच्या नाकातून सदा पाणी गळायचं. उजव्या नाकपुडीत मांस वाढून ती पार बुजली होती. जालन्याच्या डाळमिलमध्ये तूर पाखडताना शिंक आली की रक्ताळलेला शेंबूड सुपात पडे. तिला स्वतःचीच शिसारी यायची. पदर रोज उकळत्या पाण्यात घालायची, तरी ताटावर बसलं की घास तोंडात फिरायचा.

मिलमधल्या बायका एकाच रांजणातलं पाणी एकाच पेल्यानं प्यायच्या. ते सुखासुखी झालेलं नव्हतं. घरानं बौद्ध धर्म घेतल्यावर केशरबाईनंच भांडून त्या पेल्याला हात घातला होता. आता मुकादमीण उषाबाई म्हणाली, "केशर, राग नको मानू, पण किळस येती. नाक बरं होईस्तोवर तुझा पेला अलग."

केशरबाईनं आपला पेला वेगळा ठेवला. किळस तिलाही येतच होती.

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही, बाई. नाकाच्या आतलं नाजूक अस्तर घाण अडवतं. तुमचं ते बिघडून जाड झालं, आत-आत वाढत गेलं. परत येऊ शकतं, दाखवत राहा."

ट्रेमध्ये पिकल्या तुतीसारखा लिबलिबीत गोळा पडला होता. "हे माझ्यात व्हतं?" म्हणत ती तिथंच ओकली.

बरी होऊन ती कामावर आली आणि सरळ रांजणाकडे गेली. उषाबाईनं पेला ओढून घेतला.

"राहू दे. तुझा अलगच बरा."

"नाक बरं झालं की माझं. डॉक्टरनं सांगितलंय."

"नाकाचं कोण बोलून राह्यलंय? आमची आईबापाची रीत होती तीच बराबर होती."

बाकीच्या बायका खाली मान घालून तूर पाखडत राहिल्या.

केशरबाईच्या नाकातला गोळा निदान दवाखान्यात कापून टाकता आला होता. तिनं उषाबाईच्या हातातून पेला हिसकला, रांजणात बुडवला आणि सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्याली.

त्या दिवशी दुसरं कुणी पाणी प्यालं नाही. धुळीनं घसे खरवडले, उषाबाई खोकून खोकून लाल झाली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं घरून आपापला तांब्या आणला.

पुढं मिल सोडेपर्यंत केशरबाई एकटीच त्या रांजणातलं पाणी प्यायची. उषाबाई गोड बोलायला जवळ आली, की ती बाजूला तोंड करून थुंकायची.