आई, लेसर आणि बोकडाचं हृदय

मंडळी, आज सकाळी आमच्या घरी माझ्यावर खटलाच भरला होता!

झालं असं की, शेजारच्या काकूंनी काल गुलमंडीवरून येताना मला मटणाच्या दुकानात पाहिलं. आणि आमच्याकडं चातुर्मासात कांदासुद्धा बंद! आईनं थेट विचारलं, "तू खातेस का? खरं सांग."

खायला नाही, संशोधनासाठी गेले होते, हे सांगून पटेना, म्हणून तिला स्कूटीवर बसवून सरळ माझ्या प्रयोगशाळेत नेलं.

हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साठलं की ती कडक होते. लेसरचा प्रकाश पाडला की ती जागा निरोगी भागापेक्षा वेगळी चमकायला हवी. ते ताडून बघायला निरोगी झडप लागते, म्हणून मी बोकडाचं हृदय आणते.

आईनं नाकाला पदर लावला, डोळ्यांवर गॉगल चढवला. मी आधी बोकडाच्या झडपेवर लेसर सोडला, मग ऑपरेशनमध्ये काढलेल्या एका पेशंटच्या झडपेवर. इतके दिवस दोन्हींच्या चमकेचे आलेख सारखेच यायचे. आज पहिल्यांदा फरक लख्ख दिसला! मी तर ओरडलेच.

"म्हणजे हे आधीच कळलं तर माणूस वाचंल?" आईनं विचारलं. नाकावरचा पदर कधीच खाली आला होता.

"त्यासाठीच तर चाललंय गं सगळं."

परतताना क्रांती चौकात सिग्नलला आईला काकूंचा फोन आला. आई मागून ठणकावून म्हणाली, "हो, मटणाच्या दुकानातच होती. पुढच्या वेळी मीपण जाणारे. ताजं बघून घ्यावं लागतं!"

सिग्नल सुटला तरी मी हसतच होते. तुमच्या कामापायी घरात कुणी असं सोवळं सोडलंय का हो?