काठावर उभ्यांसाठी

जेवणाचं ताट उचलून नेलं आणि भिंगारदिवे मास्तरांचे डोळे जड झाले. बायपास होऊन आठवडाही झालेला नाही. छातीवर उशी दाबून खोकायचं, कफ बाहेर काढायचा, नाहीतर पुन्हा श्वासाची नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण टाके उसवतील या धास्तीनं मास्तर खोकला गिळून टाकतात. त्यात उशाशी बसून त्यांची मुलगी रिबेका हळू आवाजात स्तोत्र म्हणतेय. नेमकं दफनाच्या वेळी म्हणतात तेच. हिला डॉक्टरांनी काही वाईट सांगितलंय, ही शंका मास्तरांच्या मनातून जात नाही. विचारायचा धीरही होत नाही.

रिबेकाचा आवाज येतोच आहे. मास्तर मात्र कबरीच्या खड्ड्याच्या काठावर उभे आहेत, अंगात हॉस्पिटलचा झगा, मुठीत माती. समोरच्या काठावर पाय सोडून एस्तेरअक्का बसलीय. त्यांची थोरली बहीण. गेल्या नाताळाआधी तिला इथंच मूठमाती दिली.

"मास्तर, मागून उघडा पडलायस की रे," अक्का हसते.

मास्तर झगा ओढून घेतात. "अक्का, पोरगी ते माझ्यासाठी म्हणतेय. तुझ्या वेळी म्हटलं होतं तेच."

"म्हटलं असेल. मला कुठं ऐकू आलं? मी पेटीत, वर झाकण. काठावर तू होतास, मुठीतली माती सुटत नव्हती तुझी. ते तुझ्यासाठी होतं, येड्या."

"आणि आता?"

"आता पेटीत कोण आहे, बघ."

मास्तर वाकून बघतात. पेटी नाहीच. खाली वॉर्डातली फरशी आहे, नुकतीच फिनेलनं पुसलेली. फरशी हळूहळू वर येतेय.

"म्हण पोरीबरोबर," अक्का म्हणते.

"छाती दुखते गं."

"दुखणारच. करवतीनं कापलीय. माझी कुठं दुखते?"

मास्तर श्वास भरतात. पहिली ओळ निम्मी होते न होते तोच आतून खोकला उसळतो. अक्का कधी अलीकडे आली कळत नाही. ती दोन्ही हातांनी त्यांची छाती गच्च दाबून धरते. हात बर्फासारखे गार आहेत.

डोळे उघडतात तेव्हा छातीवर उशी आहे आणि ती दाबणारे हात रिबेकाचे आहेत.

"पप्पा, सावकाश! सिस्टर, इकडे या हो!"

डॉक्टर काय म्हणाले, हे मास्तर आताही विचारत नाहीत. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी.

"थांबलीस का?" ते म्हणतात. "पुढचं म्हण."

रिबेका त्यांच्या तोंडापुढचा रुमाल बाजूला घेते. त्यात कफाचा तपकिरी, चिकट गोळा पडलाय. अजून कोमट आहे.