नोकरी पाहायला नेणारी आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरजवळ सिलतऱ्याच्या कारखान्यात, आमच्या लॅबमध्ये कोळशाचा नमुना भट्टीत ठेवत होते. बाबा एवढंच म्हणाले, "ताई गेली... झोपेतच." सुमतीआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पुरानी बस्तीत एकटी राहायची. काम सहकाऱ्यावर सोपवून मी निघाले. रस्ताभर रडले आणि मधेच हसूही आलं, कारण मी या लॅबपर्यंत पोचले ते आत्याच्याच खटपटीने, आणि त्या खटपटीत आमच्या घराची जी शोभा झाली ती नातेवाईक अजून चवीने सांगतात.

रायपुरातल्या मराठी घरांमध्ये लग्नं जुळवणं हा आत्याचा आवडता उद्योग. कुणाचा मुलगा कुठे कामाला, कुणाची सासू कशी, सगळं तोंडपाठ. मी बी.एस्सी. झाले तेव्हा बाबांनी ठरवून टाकलं होतं की बी.एड. करायचं आणि शाळेत लागायचं. मला ते नको होतं. पण मग काय हवं, असं विचारलं की माझी दातखीळ बसायची. बाबा म्हणाले, "प्रवेश बंद व्हायच्या आत दुसरं काही सांग, नाही तर बी.एड.च." आत्याच्या कानावर हे गेलं. "पोट्टा पाहिल्याबिगर आपण लग्न लावत नाही, अन् जन्माची नोकरी न पाहताच काहून करावी? चाल माझ्यासंगं."

मग आमचे रविवार सुरू झाले. तेलीबांध्याला बँकेतल्या एक बाई, कुणी औषध कंपनीतले काका, कुणी शाळेतल्या मॅडम... आत्या आधी फोन करायची, मग आम्ही दोघी रिक्षाने हजर. तिची ताकीद होती की नोकरी मागायची नाही, शिफारस मागायची नाही, नुसतं विचारायचं. आणि काय विचारायचं तेही तिचंच. "गुण तर सगळेच सांगतात. त्यांले कंटाळा कशाचा येते, ते विचार. ज्या कामाचा कंटाळा तुले झेपते, ते तुझं." लग्नं जुळवून जुळवून आलेलं शहाणपण होतं ते. शाळेतल्या मॅडमनी वह्या तपासण्याचा कंटाळा इतका रंगवून सांगितला की मला तिथेच जांभई आली.

फक्त एक घोटाळा होता. आत्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली की लोक एकच अर्थ लावायचे. सिलतऱ्याच्या कारखान्यात केमिस्ट असलेल्या एका मुलाकडे गेलो, तर समोर कांदेपोहे आणि त्याच्या आईचा प्रश्न, "स्वयंपाक येते का हिले?" आत्या शांतपणे पोहे खात म्हणाली, "वहिनी, पोट्टी नोकरी पाहाले आली, पोट्टा नाही." त्या मुलाला एवढं हायसं वाटलं की तो दीड तास बोलत राहिला. त्याचा कंटाळा म्हणजे दर तासाला तोच कोळसा, तीच राख, तेच आकडे. पण एखाद्या वेळी आकडा हलतो आणि सगळा कारखाना तुमच्या तोंडाकडे बघतो. परत येताना मी आत्याला म्हटलं, "हा कंटाळा मला चालेल." इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते रिक्षात सहज निघालं.

तोवर गावभर झालं होतं की अमक्यांची मुलगी इतक्या घरी दाखवली, कुणी पसंत केली नाही. बाबा तावातावाने पुरानी बस्तीत गेले. मागोमाग मीही.

"ताई, तू माझ्या पोट्टीले घरोघरी घेऊन काहून फिरून राहिली? लोक म्हणतात, तिले कुणी पसंत करत नाही."

"त्यांनी तिले पाहिलंच नाही," आत्या म्हणाली. "तिनं त्यांले पाहिलं. अन् एक पसंत बी केलं."

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "कोण?"

"कारखान्याची लॅब."

बी.एड. टळलं. मी अर्ज केला, आधी शिकाऊ म्हणून आणि मग कायमची लागले. बाबांनी मात्र बहिणीशी बोलणं टाकलं. दिवाळीला तीच अनारसे घेऊन आली. "बोलू नको, खा," म्हणाली. त्यांनी खाल्ले, बोललेही. पण "लोकांच्या पोरी घेऊन फिरणं बंद कर" हे टुमणं कायम राहिलं. तिने अर्थातच ऐकलं नाही. माझ्यामागून कितीतरी पोट्ट्यापोट्टींना तिने असं फिरवलं. मला ती फार आठवते... मी काय व्हावं हे न सांगता मला विचारायला शिकवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

आता बाबा रोज संध्याकाळी तिच्या खोलीत दिवा लावायला जातात. परवा त्यांना आणायला गेले तर ते तिच्या पलंगावर बसले होते आणि तिचा मोबाइल वाजत होता. त्यांनी तो उचलला. पलीकडे एक मुलगी होती, हिंदीत बोलणारी.

"हव, मी तिचा भाऊ. दीदी नहीं रही, बेटा... अरे, रख मत, रख मत. तुमको कौन सा काम देखना था?"

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"रविवारी मोकळी आहेस ना? हिले तुझी लॅब पाहायची आहे. मी घेऊन येतो."