आधी जेवणारी काकी

काळाचौकीच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकीएवढा नितळ चेहरा दुसरा नव्हता, आणि काकीने पन्नाशी कधीच ओलांडली होती. रंगाने सावळी, नाक बसकं, समोरचा एक दात पडलेला. रूपाचं म्हणाल तर काही नाही. पण कातडी अशी तुकतुकीत की नव्या सुना नळावर तिच्याकडे चोरून बघायच्या. कुणी म्हणे ती पहाटे दुधाची साय लावते, कुणी म्हणे गावाहून कसलंसं तेल येतं. कसलं तेल न् कसलं काय! काकी साबणसुद्धा सणासुदीलाच लावायची.

खरं कारण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं, पण ते बोलायची सोय नव्हती. काकी नवऱ्याच्या आधी जेवायची. भात उतरला की पहिलं ताट स्वतःला वाढून घ्यायची आणि दार उघडं टाकून सावकाश जेवायची. नाचणीची भाकर, माठाची भाजी, मांदेली मासळीचं तिखलं, वर वाटीभर सोलकढी. बायका नावं ठेवत. तिचा नवरा गिरणीत कामाला, थंड डोक्याचा माणूस. त्याला कुणी डिवचलं तर म्हणायचा, "ती जेवून धड राहिली की मग मी बसतो. मला काय जीव नकोसा झालाय?"

काकीचं म्हणणं सरळ होतं. "चुलीचा धूर मी गिळायचा आणि पहिल्या वाफेचा भात दुसऱ्याने? हा कुठला न्याय गो?"

आमच्या घरात मात्र सगळं रीतीप्रमाणे. आधी माझे वडील, म्हणजे आबा, आणि थोरला दादा, मग गावाहून आलेला कुणी असला तर तो, मग मी, आणि सगळ्यांचं झाल्यावर आई. तिच्या वाट्याला भाताची खरवड आणि कालवणाचं तळाचं पाणी. चाळिशीही गाठली नव्हती तिने, पण ओठांचे कोपरे फाटलेले, टाचांना भेगा, हात चोळला की कोंडा निघायचा. एकदा शेजारी नवीन बिऱ्हाड आलं. त्या बाईने आईला काकीची थोरली बहीण समजून वाकून नमस्कार केला! आई हसली, "असू दे, असू दे" म्हणाली, आणि आत येऊन पिठाच्या डब्यामागे तोंड लपवून रडली. मला इतका संताप आला होता, पण करायचा कोणावर?

काकीच्या कानावर ते गेलं तशी ती तडक आली. आई तोंडाला साय चोळत बसली होती. "वरून लिंपतेस काय? भिंत आहे का ती?" काकीने वाटी बाजूला सारली. "पस्तिशीपर्यंत कातडी आई-बापाच्या घरचं खाते गो. पुढे आपल्याच ताटातलं मागते. तुझ्या ताटात आहे काय, ते सांग."

"त्यांच्या आधी माझ्या घशाखाली घास उतरत नाही, काकी," आई म्हणाली.

आबा वाईट नव्हते हो. कधी आवाज चढवला नाही, कधी ताट भिरकावलं नाही. वाढलं ते जेवायचे आणि उठायचे. भांड्यात मागे काय उरलं, ते बघायची त्यांना सवयच नव्हती. मला अजून त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू? पुढे आई नळावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "अंगात रक्तच नाही. एखादं मोठं आजारपण आलं तर ही बाई टिकायची नाही." आबांनी टॉनिकची बाटली आणली. जेवणाची रीत तीच राहिली.

अशातच संयुक्त महाराष्ट्राची धामधूम वाढली. सत्याग्रहाच्या तुकड्या निघू लागल्या, आणि आबा न् दादा दोघेही पकडले गेले. घरात उरलो आई आणि मी. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी आपलं भरलेलं ताट घेऊन आमच्या दारात हजर. "आता कोणाची वाट बघतेस? सरकारची? वाढ तुझं!"

मग रोजच बसू लागली. चळवळीच्या कमिटीची माणसं तांदूळ-डाळ पोचवून जात. एरवीपेक्षा घरात कमीच होतं, पण जे होतं ते आई गरम, वेळेवर आणि पोटभर खात होती. काकीच्या ताटातला पाला न् मासळी तिच्याकडे सरकायची ती वेगळीच. आधी ओठांचे कोपरे भरून आले. मग नखं गुलाबी झाली. दीड-दोन महिन्यांत गालांवर तजेला दिसू लागला, आणि आई जिने चढताना धापा टाकेनाशी झाली.

तेवढ्यात काकीच्या नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटली आणि दोघं कायमची गावी निघाली. आम्ही भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. बोटीवर चढण्याआधी काकीने आईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि मासळी पारखावी तसं नीट बघितलं. "नवरा सुटून आला तरी अशीच जेवायला बसशील ना गो?"

आईने नजर खाली वळवली. काकीने तिचा गाल थोपटला आणि पदराने डोळे पुसत फळीवर पाय ठेवला. ती मला पुन्हा कधी दिसली नाही. काही वर्षांनी गेल्याचं कळलं, तेव्हा सख्खं माणूस गेल्यासारखी मी रडले.

आबा आणि दादा सुटून आले त्या दिवशी चाळीत गुलाल, हारतुरे, घोषणा. गर्दी पांगल्यावर आबांनी आईकडे नीट बघितलं. "मी तुरुंगात, आणि तुझ्या तोंडावर तुकतुकी?" ते हसत म्हणाले, पण कुठेतरी लागलं होतं त्यांना. आई ताटं मांडू लागली. मी चुलीपाशी भाकऱ्या भाजत होते. आबांचं ताट मांडलं, दादाचं मांडलं, आणि मग शेजारी तिसरं.

"कोण यायचंय?" आबांनी विचारलं.

"कोणी नाही. मी बसतेय."

तव्यावरची भाकर उलटायचं मी विसरले. दादा खाली बघू लागला. आबा म्हणाले, "वीस वर्षं झाली लग्नाला. तुला जेवताना मी कधी बघितलंच नाही."

"मग बघा आता," आई म्हणाली, आणि बांगड्याचा मधला तुकडा तिने आपल्या ताटात वाढून घेतला.