बीज कुणाचं?

केलगेरीच्या उत्तराबाईंनी तेहतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्तर ठोकून देणाऱ्या एकाही पोराला त्यांनी कधी सुखानं खाली बसू दिलं नाही. निवृत्त झाल्या आणि कंपवातानं त्यांचा उजवा हात धरला. चहाचा कप बशीत वाजायला लागला, पदराला पिन लावायची म्हटली तरी दुसऱ्याला हाक मारायची वेळ आली. त्याचा बाईंना भयंकर संताप यायचा.

म्हणून भाचा प्रभंजन त्यांना हुबळीला, कोप्पीकर रोडवरच्या एका नव्या दवाखान्यात घेऊन निघाला, तेव्हा बाई मुकाट्यानं गेल्या. आशा कुणाला सुटलीय?

डॉक्टर तोंडाचा गोड होता. "तुमच्याच कातडीच्या पेशीचं क्लोनिंग करू, त्यातून मूळपेशी काढू, इंजेक्शननं देऊ. तीन महिन्यांत हात थांबतो बघा, अक्का."

खरं असतं तर! बाईंनी समोरचा संमतीचा कागद ओढून घेतला. पण पेन हातात घेण्याआधी त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली.

"कातडीच्या पेशीचं केंद्रक काढलंत, पण घालणार कशात? त्याला बाईचं बीज लागतं, आतलं केंद्रक काढून टाकलेलं. ते कुणाचं आणता?"

"ते कंपनी बघते."

"कंपनीला बीज येत नाही. बाईलाच येतं, आणि सुई टोचून काढावं लागतं. तिला विचारलंत? परदेशातल्या प्रयोगशाळांत अशा पेशी झाल्यात, तेही कितीतरी बीजं वाया घालवून. त्यानं रोगी बरा करण्यापर्यंत तिथलं कुणी पोचलं नाही. तुम्ही कोप्पीकर रोडवर बसून कसे पोचलात?"

"कूड्री, कूड्री अक्का," म्हणत डॉक्टर त्यांना खाली बसवू लागला. बाई सही न करताच बाहेर पडल्या.

रस्त्यावर प्रभंजन भडकला. "आत्या, हात बरा व्हायला नको काय तुला?"

"हवाय की रे! तुझ्यापेक्षा जास्त हवाय. खरा उपाय निघू दे, रांगेत पहिली मी उभी राहते. पण माझ्या हातापायी कुण्या गरीब बाईला फसवून टोचलेलं मला चालायचं नाही. आणि टोचलंच नसेल, तर हा माणूस काय भरतोय सुईत?"

घरी येऊन त्यांनी आरोग्य खात्याला तक्रार लिहायला घेतली. चौदा ओळींना दोन दिवस लागले. अक्षरं कागदभर वेडीवाकडी पसरली. शेवटी प्रभंजनलाच राहवेना. "दे इकडं, टाईप करतो. ह्यातलं एक अक्षर लागायचं नाही कुणाला."

"हात लावू नको," बाई म्हणाल्या. "असंच जाऊ दे. वाचताना साहेबांना जरा त्रास होऊ दे."